संगणकाला लागलेली घरघर

शिरूर तालुक्यात मार्च महिना तीन गोष्टी एकदम घेऊन येतो. ऊन तापू लागते, आर्थिक वर्ष संपत येते आणि मुलांच्या परीक्षा उंबरठ्याशी येऊन उभ्या राहतात. शिरूर–चौफुला रस्त्यावरील न्हावरे गावात, पुढे दुकान आणि मागे घर अशा जुन्या धाटणीच्या वास्तूंत या तिन्ही गोष्टींची गाठ एका पत्र्याच्या पेटीपाशी पडते. दिवसा त्या संगणकावर बिले होतात. रात्री दुकान बंद झाल्यावर त्याच्यावरच वर्षअखेरीचे हिशेब जुळवले जातात. शेजारी कोणी बारावीचे पुस्तक उघडून बसलेले असते, तर पलीकडच्या खाटेवर वडीलधारे झोपेची वाट पाहत असतात. रात्री दहाच्या सुमारास रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर विरळ होतात, शेजारचा दूरदर्शन संच बंद होतो, आणि मग त्या पेटीतली घरघर ऐकू येऊ लागते. दिवसभर ती चालूच असते. गावाच्या गलक्यात तिच्याकडे लक्ष गेलेले नसते इतकेच.

मराठीत ‘घरघर लागणे’ हा वाक्प्रचार शेवटच्या घटकेसाठी वापरला जातो, आणि संगणकाच्या बाबतीतही पुष्कळ घरांत तोच अर्थ घेतला जातो. यंत्र आवाज करू लागले की ‘आता हे गेले’ असे ठरवून नव्या यंत्राची चौकशी सुरू होते. हिशेबाची वहीही या समजुतीला दुजोरा देते. प्राप्तिकराच्या नियमांनुसार संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरता येतो. त्यामुळे तीन वर्षांत त्याची पुस्तकी किंमत मूळ किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या जरा वर उरते. परंतु वहीतला घसारा आणि यंत्राची झीज या दोन वेगळ्या बाबी आहेत. घरघरणाऱ्या दहा यंत्रांपैकी बहुतेकांना मरण आलेले नसते. त्यांचा श्वास कोंडलेला असतो.

पूर्वी या आवाजाची तक्रार कोणी करीत नसे, याचेही कारण आहे. रंगराजन समितीच्या १९८४ आणि १९८९ च्या अहवालांनंतर बँकांच्या शाखांमध्ये खातेवही लिहिणारी यंत्रे आणि संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांच्या शेजारी डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र असे. त्याच्या करकरीपुढे पंख्याची काय कथा? शिवाय संध्याकाळी शाखा बंद झाली की यंत्र तिथे आणि माणूस घरी. आज यंत्रच घरात, उशापाशी येऊन बसले आहे.

आवाज कमी करण्यापूर्वी तो कसा मोजतात हे थोडक्यात समजून घेणे इष्ट. डेसिबल हे माप साध्या बेरजेने चालत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट भासतो. सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले तर आवाज दुप्पट न होता केवळ तीन डेसिबलनी वाढतो. उलट ४५ डेसिबलच्या पंख्याशेजारी ३५ डेसिबलचा पंखा असेल, तर एकूण आवाज जेमतेम साडेपंचेचाळीस डेसिबलपर्यंत जातो. यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. पेटीत चार पंखे असतील आणि त्यांतला एकच कर्कश असेल, तर उरलेल्या तिघांवर केलेला खर्च वाया जातो. आधी मोठा ऋणको गाठावा, किरकोळ थकबाकी नंतर पाहावी.

भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. घरातला संगणक त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना मात्र थेट खोलीत शिरतात. शांत झोपेसाठी शयनगृहातील सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, आणि शिकवणे चालू असताना वर्गातला आवाज ३५ च्या वर नसावा, असे त्या सांगतात. जुना, धुळीने भरलेला संगणक टेबलावर कानापासून हातभर अंतरावर असेल, तर या दोन्ही मर्यादा सहज ओलांडतो. मग घरातले कोणी ‘सवय झाली’ म्हणते. अशी सवय होते तेव्हा माणसे नकळत मोठ्याने बोलू लागतात आणि दूरदर्शनचा आवाज दोन घरे वर नेतात.

पंखा गरजतो कशासाठी, याचे उत्तर उष्णतेत आहे. संगणकाचे प्रोसेसर विजेवर चालते आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. ही उष्णता आधी हीट सिंक नावाच्या धातूच्या पात्यांत जाते, तिथून पंख्याने ढकललेल्या हवेत, आणि ती हवा पेटीच्या मागून बाहेर. या वाटेवर कुठेही अडथळा आला की प्रोसेसर तापते, मदरबोर्ड पंख्याला अधिक वेगाने फिरायला सांगतो आणि आवाज चढतो. न्हावऱ्याच्या परिसरात हा अडथळा कोणता, हे सांगायला नको. शिरूर हा पर्जन्यछायेतला तालुका. वर्षातले कितीतरी महिने कोरडे. काळ्या मातीची बारीक धूळ, रस्त्याचा फुफाटा, भुसार मालाचा कोंडा, जवळ गिरणी असेल तर पीठ, शिवाय स्वयंपाकघरातून येणारी तेलकट वाफ. शेवटच्या घटकाने धूळ चिकट होते आणि हीट सिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून पंखा स्वच्छ दिसत असतो. खाली वाट पूर्ण बुजलेली असते.

म्हणून शांततेचा पहिला उपाय बाजारात नव्हे, अंगणात आहे. यंत्र रीतसर बंद करावे, वायर भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरावे म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाते. मग पेटी उघड्या जागी न्यावी, नाकाला फडके बांधावे आणि बाजूचा पत्रा काढावा. आत मुंग्या, कोळी किंवा पाल आसऱ्याला आलेली असते. जैन घरात तरी ब्लोअर सुरू करण्यापूर्वी मऊ कुंचल्याने त्यांना हलकेच बाहेर काढून द्यावे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे अगत्याचे आहे. ब्लोअरच्या झोताने पंखा नेमलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, त्याचा बेअरिंग खराब होतो आणि फिरता पंखा उलट वीज निर्माण करून मदरबोर्डात सोडू शकतो. ओले फडके पेटीच्या आत नेऊ नये. पत्रा परत बसवण्यापूर्वी हीट सिंकच्या पात्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो का, हे पाहावे. दिसला तर काम झाले.

पाच-सहा वर्षे झालेल्या यंत्रात आणखी एक जागा तपासण्यासारखी असते. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधला थर्मल पेस्टचा लेप वाळून खडूसारखा होतो आणि उष्णता पुढे जाऊ देत नाही. जुना लेप पुसून मटाराच्या दाण्याएवढा नवा लेप लावला की पुरते. काम अवघड नाही, मात्र हात स्थिर हवा. भीती वाटत असेल तर ते शिरूरच्या दुरुस्तीवाल्याकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

साफसफाईनेही आवाज उतरला नाही, तर पंख्यांकडे वळावे. इथे शास्त्राचा एक नियम व्यापाऱ्याला आवडेल असा आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनी खाली येतो आणि त्याला लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे एका वेगवान पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा तितकीच मिळते. दुसऱ्या पंख्याचे तीन डेसिबल धरूनही ढोबळमानाने १२ डेसिबलची बचत होते. पंखे वाढवून आवाज कमी होतो, हे ऐकायला विचित्र वाटते खरे. आकाराचाही असाच फायदा आहे. जुन्या पेट्यांत मागे ८० मिलिमीटरचा पंखा असतो. त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा तितक्याच वेगाने फिरला, तर तिपटीहून अधिक हवा लोटतो. तितकी हवा नको असल्यास तो संथ फिरवता येतो, आणि संथ फिरणाऱ्या मोठ्या पंख्याचा आवाज खोलीत विरून जातो. पेटीत १२० मिलिमीटरची जागा आहे का, हे मात्र पट्टीने मोजूनच खरेदीला जावे.

खरेदी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून करता येते किंवा घरबसल्या मागवता येते. काही शे रुपयांत बरा पंखा मिळतो. रंगीत दिव्यांना भुलू नये. दिवे हवा लोटत नाहीत. पाहायचे ते बेअरिंग आणि जोडणीच्या पिना. साध्या स्लीव्ह बेअरिंगचे पंखे सुरुवातीला शांत असतात, पण उष्णतेने त्यांचे वंगण लवकर सुकते. फ्लुइड बेअरिंगचे पंखे अधिक टिकतात. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड हवा तसा कमी-जास्त करू शकतो. पंख्याच्या चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाण पुष्कळदा असतो, तो पाहूनच बसवावे. पुढच्या खालच्या बाजूने गार हवा आत आणि मागच्या वरच्या बाजूने गरम हवा बाहेर, ही सर्वसाधारण रीत. जुन्या पंख्यात तेलाचा थेंब सोडण्याची युक्ती अनेक घरांत चालते. शिलाई यंत्राच्या तेलाने काही महिने निभावतात, पण खोबरेल कदापि घालू नये. थंडीत ते गोठते आणि पंखा जागीच अडकतो.

पुष्कळदा खर्चाशिवायही काम भागते. संगणक सुरू होताना बायोस उघडले की पंख्यांच्या वेगाची सोय दिसते. कोणी तिला ‘स्मार्ट फॅन’ म्हणतात, कोणी ‘क्यू-फॅन’. दुरुस्तीवाल्याने कधीकाळी सगळे पंखे पूर्ण वेगावर ठेवलेले असतात आणि ते तसेच वर्षानुवर्षे फिरत राहतात. तिथे तापमानानुसार वेग बदलण्याची निवड करावी. किती तापमान चालेल? आजची प्रोसेसरे साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग आवरून घेतात. जड काम चालू असताना ७०–८० अंश दिसले तर घाबरू नये. एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळीसच्या घरात असते आणि कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, हेही ध्यानात असावे. शिवाय कानाला सततच्या संथ आवाजापेक्षा चढ-उतार जास्त बोचतो. पंखा वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबेल अशी सोय अनेक बायोसमध्ये असते. ती वापरली तर झोपलेल्या माणसाची झोप मोडत नाही.

आता पेटीविषयी. तंबोऱ्याच्या तारेचा स्वतःचा आवाज क्षीण असतो. त्याला भरदारपणा देतो तो भोपळा. संगणकाच्या पातळ पत्र्याचे काम नेमके तेच, फक्त इथे ते कोणाला नको असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते. तिचे स्क्रू थेट पत्र्याला घट्ट असतील तर सारी पेटी गुणगुणू लागते, आणि पेटी लाकडी टेबलावर असेल तर टेबलही त्यात सूर मिसळते. परीक्षा सोपी आहे. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरावा. गुणगुण थांबली तर दोष पत्र्याचा. सैल स्क्रू आवळणे, डिस्कच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर घालणे, पेटीच्या पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दुहेरी तुकडे ठेवणे, एवढ्याने बहुतेक वेळा फरक पडतो. पेटीला आतून स्पंज चिकटवण्याचा उपाय मात्र इथल्या हवामानात सुचवण्यासारखा नाही. स्पंज तीक्ष्ण आवाज थोडा शोषतो, खर्जातली गुणगुण त्याला दाद देत नाही, उलट धूळ आणि ऊब दोन्ही आत धरून ठेवतो.

पेटी कुठे ठेवली आहे, यावरही बरेच अवलंबून असते. भिंतीच्या कोपऱ्यात आवाज परतून वाढतो. जमिनीवर ठेवली तर झाडूची सगळी धूळ आधी तिच्याच पोटात जाते. वीतभर उंचीचा लाकडी पाट त्यासाठी पुरेसा आहे. सर्वांत वाईट जागा म्हणजे मागून बंद असलेला संगणक-टेबलाचा कप्पा. तिथे यंत्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढते. घराघरांत हौसेने शिवलेली झालरीची खोळ यंत्र बंद असतानाच घालावी. चालू संगणकावर खोळ टाकून ‘आवाज कमी झाला’ असे समाधान मानणारी घरे अगदीच नाहीत असे नाही.

आवाज नको म्हणून हवाच बंद करण्याचा मोह बड्या कंपन्यांनाही झाला आहे. १९८० साली ॲपलने ‘ॲपल थ्री’ हा संगणक बाजारात आणला. स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याचा आवाज सहन होत नसे, म्हणून त्यात पंखाच ठेवला नव्हता. यंत्रे तापू लागली, चिपा जागेवरून सैल होऊ लागल्या. आणि संगणक दोन-तीन इंच उचलून खाली सोडा म्हणजे चिपा पुन्हा बसतील, असा सल्ला ग्राहकांना देण्याची वेळ कंपनीवर आली. त्या यंत्राचा बाजारातला लौकिक पुढे कधी सावरला नाही.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, हा आवाजाचा आणखी एक धनी. त्याचा पंखा आतच असतो, पण तो डबा घरी कोणीही उघडू नये. घरातली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट दाबाने साठवली जाते आणि वायर काढल्यानंतरही ती काही काळ तिथे टिकून राहते. बाहेरून हवा मारावी. खरखर थांबली नाही तर डबाच बदलावा. बदलताना हिशेब असा करावा. संगणकाच्या भागांना १०० वॅट लागतात असे धरू. ७० टक्के कार्यक्षमतेचा डबा त्यासाठी भिंतीतून सुमारे १४३ वॅट घेतो आणि ४३ वॅट स्वतःच तापण्यात घालवतो. ८५ टक्क्यांचा डबा ११८ घेतो आणि १८ घालवतो. उष्णता निम्म्याहून कमी म्हणजे पंखाही संथ. २००४ मध्ये सुरू झालेली ‘८० प्लस’ ही मान्यता अशाच कार्यक्षमतेसाठी दिली जाते. डब्यावर तिची खूण असल्यास किमतीतला फरक विजेच्या बिलातून हळूहळू वसूल होतो.

इथवर सांगितलेले सगळे आवाज बंद करण्यासारखे आहेत. एक आवाज मात्र तसा नाही. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘खट्… खट्…’ असा किंवा धातू घासल्यासारखा आवाज येऊ लागला, तर रबर, वॉशर, पाट हे सारे बाजूला ठेवावे. डिस्कमधली वाचणारी सुई आपली जागा शोधते आहे आणि तिला ती सापडत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्या डिस्कवर दुकानाची दहा वर्षांची खतावणी असते, ग्राहकांची उधारी असते, करविवरणपत्रे असतात, आणि बऱ्याचदा घरातल्या लग्नाची छायाचित्रेही तिथेच असतात. डिस्क अजून वाचता येत असेल तर प्रथम ती माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी, आणि हे होईपर्यंत दुसरे कोणतेही काम त्या यंत्रावर करू नये. येत नसेल तर यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याने उरलेसुरलेही जाते. वर्षअखेरीच्या घाईत ‘एकतीस तारखेनंतर बघू’ म्हणण्याची किंमत एका पंख्याच्या किमतीहून कितीतरी मोठी असू शकते. नव्याने बसवायची ती एसएसडी असावी. तिच्यात फिरणारा एकही भाग नसल्यामुळे तिला आवाजच नाही. मात्र ती जाताना पूर्वसूचनेचा आवाजही करीत नाही, म्हणून माहितीची दुसरी प्रत तिच्यासाठीही हवीच.

पाण्याने थंड होणारे संगणक जाहिरातींत दिसतात. पुण्यातील आयसर संस्थेत बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकाला द्रवाने थंड ठेवले जाते आणि तिथे ते योग्यच आहे. दुकानाच्या बिलांसाठी मात्र तो आडमाप खर्च ठरतो. वर त्या पाण्याच्या पंपाचीही गुणगुण असतेच.

सगळे करूनही यंत्र शांत होत नसेल, किंवा ते खरोखरच फार जुने असेल, तर बदलण्याला हरकत नाही. परंतु तेव्हा गरज पाहून बदलावे. २००४ च्या सुमाराचे पेंटियम ४ जातीचे काही प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत उष्णता बाहेर टाकीत. २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन १०० ची नेमलेली मर्यादा अवघी ६ वॅट आहे. त्यावर चालणारे, डब्याएवढे आणि काही तर बिनपंख्याचे संगणक हिशेब, बिले, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास यांना पुरून उरतात. पडद्याच्या पाठीमागे दोन स्क्रूंवर ते टांगताही येतात. जुनी पेटी भंगारात देण्यापूर्वी तिच्यातली हार्ड डिस्क काढून घेण्यास विसरू नये. पेटी पत्र्याच्या भावाने जाते, पण त्या डिस्कवर गावातल्या निम्म्या उधारीची यादी असते.